विहीणबाईंसोबत, क्रियापदं चालवत

इटलीला जाऊन आलेले लोक आता आमच्या साताऱ्यातही बरेच आहेत. ते झुकता मनोरा दाखवतात, कालव्यातली होडी दाखवतात आणि पिझ्झा तिथं कसा पातळ असतो ते सांगतात. माझा इटलीचा प्रवास वेगळ्या वाटेनं झाला. सातारा, लोणंद, फलटण, दहिवडी, विटा, कुंडल आणि शेवटी सांगली. या वाटेनं इटलीला गेलेला माणूस माझ्या माहितीत मी एकटाच. ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सातारा

आमची मृणाल शिकायला म्हणून इटलीला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. गेल्या दिवाळीत फराळाचं ताट समोर घेऊन व्हिडिओ कॉलवर बसलो असताना तिनं लुकाचं नाव सांगितलं. मुलगा चांगला, पण सिसिली बेटावरच्या एका खेड्यातला. आमच्या हिनं, म्हणजे सुनंदानं, हातातली चकली तशीच धरून विचारलं, "खेड्यातला म्हणजे शेती आहे ना?" तिचे प्रश्न तिथंच संपले. पुढचे प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीचे, लोणंदच्या अक्काचे होते.

अक्काचं म्हणणं सरळ होतं. "लगीन करा. पर बोलणी झाली पायजेत. आन बोलणी मोठ्यांनी मोठ्यांशी करायची. पोरगी मधी बसून सोताच्या लग्नाची बोलणी सोता सांगणार? आमच्यात न्हाई तसलं."

"अक्का, लुकाच्या घरी मोठं माणूस म्हणजे त्याची आईच, आणि त्या बाईंना इटालियनशिवाय काही येत नाही."

"मग तू शिक की. दुकानात बसून माश्याच मारतोयस न्हवं?"

माझं पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. माश्या मी मारतो, पण फावल्या वेळात. दुभाषी भाड्यानं आणावा म्हटलं तर घरातली बोलणी परक्यानं ऐकायची नाहीत. फोनवरचं भाषांतर वापरावं म्हटलं तर सुनंदाचे थोरले भाऊ, कुंडलचे बाजीराव मामा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणाले, "फोनानं दिलेला सबूद मोडला तर फोनाची गचांडी धरायची व्हय दाजी?" आणि खरं अडलं होतं ते मामांपाशीच. लग्न सिसिलीत व्हायचं होतं. आमच्याकडं नवरीच्या मागं मामा उभा राहतो. मृणालनं स्वच्छ सांगितलं होतं, "बाजीराव मामा मागं उभा असेल तरच मी लग्नाला उभी राहीन." मामांचं उत्तर होतं, "आदी त्या मुलाच्या आईशी बोलू द्या. पटलं तर येतो. न्हाई पटलं तर न्हाई."

म्हणून वयाच्या पन्नाशीनंतर मी इटालियन क्रियापदं चालवायला घेतली. या भाषेत क्रियापद नुसतं वापरून भागत नाही, बैलासारखं जुंपावं लागतं, आणि प्रत्येक माणसासाठी जू वेगळं. मी बोलतो 'पार्लो', तू 'पार्ली', तो 'पार्ला', आम्ही 'पार्लिआमो', तुम्ही 'पार्लाते', ते 'पार्लानो'. हे मी गिऱ्हाइकाला वॉशर शोधून देता देता पाढ्यासारखं म्हणायचो. 'असणे' या क्रियापदाची एक तऱ्हा तर 'ओ, आई, आ' अशी चालते. म्हणजे माझ्याकडे आहे, तुझ्याकडे आहे, त्याच्याकडे आहे. पहाटे गच्चीवर मी 'ओ, आई, आ' करत फेऱ्या मारायला लागलो तेव्हा शेजारच्या काकू सुनंदाला म्हणाल्या, "यांना हाडांच्या डॉक्टरांना दाखवा गं एकदा."

वर्तमानकाळ संपला, भूतकाळ आला. भविष्य आलं. मग अर्थ आले. आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. शाळेत मराठीच्या गुरुजींनी हेच शब्द छडीनं शिकवले होते आणि मी ते छडीसकट विसरलो होतो. 'देव करो आणि तो येवो' यातला 'येवो' इटालियनलाही लागतो हे कळल्यावर मला त्या भाषेबद्दल आपुलकी वाटायला लागली. फक्त एक भूतकाळ मी गाळला. मोबाईलवर शिकवणारी बाई म्हणाली होती की हा दूरचा भूतकाळ पुस्तकात असतो, बोलण्यात कोणी वापरत नाही. मी आनंदानं ते प्रकरण सोडून दिलं. याचं प्रायश्चित्त पुढं रस्त्यात मिळालं.

माघ संपताना लुकाची आई, फ्रांकाबाई, बोलणी करायला एकटी आली. बुटकी, ठणठणीत, काळ्याभोर डोळ्यांची बाई. घरात पाऊल टाकताच तिनं सुनंदाचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. मी घाबरून मागं सरकलो आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य फेकलं. प्रवास बरा झाला ना? बाईंनी डोळे मोठे केले, हात छातीवर ठेवला आणि उत्तर सुरू केलं. ते बरंच चाललं. त्यातलं 'सी', म्हणजे 'हो', मला कळलं.

"काय म्हणाल्या?" सुनंदानं विचारलं.

"बरा झाला."

"एवढं सगळं बोलून?"

लोणंद

दुसऱ्या दिवशी आमची गाडी निघाली, आधी अक्काकडं आणि पुढं मामांकडं कुंडलला. मी चालवायला, शेजारी फ्रांकाबाई, मागं सुनंदा आणि कंदी पेढ्यांचे पुडे. लोणंदच्या बाजारात कांदा आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोत्यांच्या थप्प्या आणि हवेत तो वास. बाईंनी काच खाली केली, भरून श्वास घेतला आणि म्हणाल्या, "काझा!" काझा म्हणजे घर. आपल्या गावचा कांदा लाल आणि गोड असतो, कच्चा खातात, असं त्यांनी सांगितलं. हे मला शब्दन् शब्द कळलं, कारण सगळं वर्तमानकाळात होतं. मी इतका खूश झालो की गाडी कांद्याच्या ट्रॅक्टरच्या इतक्या जवळ नेली की ड्रायव्हर ओरडला, "आवं दाजी, रस्त्याकडं बघा! कांदा पळून चाललाय व्हय?"

अक्का दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तो बाईंवरून ओवाळून टाकला. फ्रांकाबाईंनी विचारलं हे काय. मी म्हटलं दृष्ट, वाईट नजर. बाईंनी लगेच गळ्यातली साखळी बाहेर काढून त्यातलं लहानसं लाल शिंग दाखवलं. त्यांच्याकडं नजर लागू नये म्हणून ते घालतात. अक्कानं ते शिंग दोन बोटांत धरून पाहिलं आणि निकाल दिला, "बाई घरची हाय."

जेवणात ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि खर्डा. भरीत पाहून बाईंनी टाळी वाजवली. त्यांच्या बेटावर वांग्यावर वांगं खातात. खर्ड्याला मी 'जपून' म्हणणार होतो, पण त्याचं आज्ञार्थी रूप आठवेपर्यंत बाईंनी भाकरीचा घास खर्ड्यात बुडवून तोंडात घातला होता. आम्ही सगळे थांबलो. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी ताट पुढं केलं आणि म्हणाल्या, "आंकोरा." आणखी.

आता आग्रहाचं बघा. आपल्याकडं आग्रह करताना तोंडाला विसावा नसतो. घ्या, घ्या ना, अहो घ्या की, एवढं तरी घ्याच. इटालियन आज्ञार्थ आदरानं करायचा तर रूप बदलतं, आणि समोरच्याला मान द्यायचा तर त्याला चक्क 'ती' म्हणायचं असतं. पुरुष असला तरी 'ती'. अक्का मागून ढोसत होती, "म्हण की, आजून येक भाकरी घ्या!" मी 'प्रेन्दा, प्रेन्दा' करत राहिलो. तीन भाकरींनंतर बाईंनी हात जोडून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत दयेची याचना होती, पण तिचं क्रियापद मला येत नव्हतं.

निघताना अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाळू, माझं सगळं ठीक हाय. पर कुंडलात नीट बोल. बाजीराव मऊ बोलण्याला भुलत न्हाई."

मी मान डोलावली. आमच्या घराण्यात बोलणी नीट पार पाडणारा माणूस म्हणजे मीच. भाऊबंदकीत कुणाचं बिनसलं तर मला बोलावतात. इकडचा कडू शब्द तिकडं नेताना वाटेत धुऊन घ्यायचा, ही मध्यस्थाची रीत मी वडिलांकडून शिकलो.

फलटण ते दहिवडी

फलटणला उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता धरला होता. तिथून दहिवडीकडं वळलो तसा हिरवा रंग मागं राहिला. उघडे माळ, बाभळी, आणि लांबवर एकच टेकडी सगळ्या बाजूंनी सोबत करणारी. एका वळणावर गाडी थांबवावी लागली. मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. शेकडो काळ्या-पांढऱ्या पाठी, मागं घोड्यावर बिऱ्हाड, घोड्यावरच बांधलेली कोंबडी, आणि काठी घेतलेली एक धनगर बाई.

फ्रांकाबाई दार उघडून खाली उतरल्या. सरळ कळपात शिरल्या. एका मेंढीचं तोंड धरून ओठ वर केला आणि दात पाहिले.

धनगर बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "ही कुटली वं? दात बघतीया, मजी जाणती हाय."

"इटलीची आहे. माझी विहीण. म्हणजे, व्हायची आहे."

"मग करून टाका की! मेंढरं कळत्यात तिला." एवढ्यावर तिनं आमची सोयरीक मंजूर केली.

फ्रांकाबाई गाडीत परत बसल्या त्या भारावून. त्यांचे वडील मेंढपाळ होते. ते रोज पहाटे डोंगरावर जायचे, मेंढ्यांशी बोलायचे, संध्याकाळी दूध तापवून रिकोत्ता, म्हणजे तिकडचं मऊ पनीर, करायचे. हा त्यांचा 'जायचे-करायचे' काळ आपल्या मराठीसारखाच, आणि तो मला पक्का येत होता. मी सुनंदाला घडाघडा सांगत होतो. मग बाईंचा आवाज बदलला. "एक दिवस..." त्या म्हणाल्या आणि पुढं भलतीच क्रियापदं यायला लागली. आन्दो, वीदे, फेचे. मी गाळलेलं प्रकरण! सिसिलीतले लोक तो दूरचा भूतकाळ रोजच्या बोलण्यात वापरतात, हे मला त्या मोबाईलवाल्या बाईनं सांगितलं नव्हतं. थोडक्यात, बाईंचे वडील रोज काय करायचे ते मला सगळं कळलं. त्या एका दिवशी काय झालं ते अजिबात नाही.

मी 'सी, सी' करत राहिलो. गोष्ट संपली असं वाटलं तेव्हा मनमोकळं हसलो.

फ्रांकाबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं, सोप्या भूतकाळात म्हणाल्या: वीज पडली. निम्मी मेंढरं मेली. वडील त्यानंतर डोंगरावर गेले नाहीत.

मी गाडी कडेला घेतली आणि क्षमा मागितली. ते क्रियापद मला येत होतं. सुनंदानं मागून हात पुढं करून बाईंच्या खांद्यावर ठेवला आणि मला म्हणाली, "तुम्ही सारखं कळल्यासारखं करू नका हो. नाही कळलं तर नाही म्हणा." फ्रांकाबाईंनी तो हात थोपटला. थोड्या वेळानं त्यांनाच हसू आलं, आणि विट्यापर्यंत त्यांनी मला तो सुटलेला काळ शिकवला. मी म्हणायचो, त्या चुकलं की मांडीवर टिचकी मारायच्या. विट्याला उतरलो तेव्हा माझी मांडी लाल होती आणि काळ पाठ होता.

कुंडल

बाजीराव मामांचा मळा गावाबाहेर आहे. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला द्राक्षबाग. घड भरले होते. बाईंनी एक मणी तोडून दातानं फोडला, रस जोखल्यासारखा जिभेवर फिरवला, आणि 'अजून आठवडा' असं सांगितलं. मामांनी मिशीतून ते मान्य केलं. पण सोयरिकीचा विषय काढला नाही. संध्याकाळी मटण झालं, तरी काढला नाही. आमच्याकडं बोलणी सकाळी, चहा झाल्यावर.

सकाळी पडवीत जाजम अंथरलं. मामा भिंतीला टेकून ताठ बसले, समोर फ्रांकाबाई, मधे मी. सुनंदा आणि मामी दाराशी. मृणालला लावायचा फोन सुनंदाच्या कनवटीला, पण बंद. बोलणी होईपर्यंत पोरीनं बोलायचं नाही.

मामांनी सुरुवात केली. "मुलगा कसा हाय, इचारा."

मी विचारलं. फ्रांकाबाईंनी मोकळा श्वास घेतला, कपाळाला हात लावला आणि सांगायला लागल्या. लुका हट्टी आहे. आळशी आहे. एकदा सर्दी झाली की मरणार असल्यासारखा कण्हतो. मी सगळं ऐकलं, समजलं, आणि माझ्यातला मध्यस्थ जागा झाला.

"मुलगा निश्चयी आहे म्हणतात," मी मामांना सांगितलं. "शांत स्वभावाचा. जरा हळवा."

मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग बाईंकडं. "आता इचारा. उद्या तेनं पोरीला तरास दिला, तर हिकडं कुणाच्या तोंडाकडं बघायचं आमी? तिकडं तिला कोण हाय?"

एवढा रोखठोक प्रश्न पाहुण्या बाईला कसा विचारायचा? मी इटालियनमध्ये विचारलं, "आमची मुलगी तुमच्याकडं सुखात राहील ना?"

फ्रांकाबाईंनी खांदे उडवले. "की लो सा?" कुणास ठाऊक?

"नक्की म्हणतात," मी म्हणालो.

मामा हळूच पुढं झुकले.

"दाजी, बाईनं खांदं उडीवलं. ते नक्की म्हणत्यात व्हय इटलीत?"

"तसंच काहीसं..."

"आन मुलाचं सांगताना कपाळाला हात लावला. आमी फौजेत सोळा गावची माणसं बघितली. माणूस कौतुक करताना कपाळाला हात लावत न्हाई." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुमी वाटंत काय धुताय ते कळतंय मला. न्हाई धुतलेलं सांगा. न्हाईतर उठा, न्ह्यारी करा, आन साताऱ्याला जावा. मी कुटं येत न्हाई."

दारातून सुनंदाचा हुंदका आला, दबलेला. मला मृणालचं ते वाक्य आठवलं. मामा नसेल तर मी उभी राहणार नाही. वडिलांची रीत मी जाजमाखाली सारली. मामांना लुकाचं सगळं खरं सांगितलं, हट्टी, आळशी, सर्दीसकट. मग बाईंकडं वळलो आणि मामांचा प्रश्न जसाच्या तसा उचलला. जर लुकानं तिला त्रास दिला, तर तुम्ही काय कराल? 'जर'पुढचं भविष्य, 'तर'पुढचं भविष्य, दोन्ही बैल जुंपले. जू सुटलं नाही.

फ्रांकाबाई माझ्याशी बोलल्याच नाहीत. मामांकडं तोंड करून त्या उठून उभ्या राहिल्या आणि एक एक बोट मोडत, एक एक भविष्यकाळ मांडायला लागल्या. प्रत्येक बोटाला थांबायच्या, आणि मी काही न गाळता, काही न घालता सांगत होतो.

"त्याला मी घराबाहेर काढीन."

"ती घरात राहील. घर माझं आहे."

"तुम्हाला मी स्वतः फोन करीन. याच्यामार्फत नाही," माझ्याकडं बोट, "मी स्वतः."

"आणि तुम्ही याल तेव्हा तो दाराबाहेर उभा असेल. तुम्हाला जे करायचं ते करा. मी आत सुपारी," इथं मी अडलो, सुपारी हा माझा अंदाज होता, त्यांनी खिशातले बदाम काढून दाखवले, "आत बदाम फोडत बसेन."

मामांनी टोपी डोक्यावर घातली.

"आजवर लई बोलणी केली," ते म्हणाले. "पोराच्या आईनं पोराच्या खोडी सांगितल्याली ही पयलीच. खोटं बोलायचं आसतं तर तिला दाजीच पुरलं आसतं." मग आत तोंड करून ओरडले, "आगं, साखर आणा! बसलाय काय?"

मामी साखर घेऊन धावल्या. मामांनी चिमूट फ्रांकाबाईंच्या हातावर ठेवली, बाईंनी अर्धी खाल्ली आणि अर्धी, काय मनात आलं कोण जाणे, मामांच्या तोंडात कोंबली. पडवीत असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. मामी पदरात तोंड खुपसून हसल्या. सुनंदानं फोन लावला. पलीकडं मृणालचा आवाज आला, घाबराघुबरा, "बाबा, काय म्हणाला मामा?"

मी फोन मामांच्या हातात दिला. मामा फौजेतल्या आवाजात म्हणाले, "येतुया गं! मागं मीच हुबा! त्या लुकाला म्हणावं, सर्दी लगनाच्या आदी काडून घे!"

पलीकडून रडणं आणि हसणं एकदम ऐकू आलं. फ्रांकाबाईंनी माझ्या मांडीवर टिचकी मारली. या वेळी चूक नव्हती. शाबासकी होती.

सांगली

भाचीच्या लग्नाची हळद मामानं आणायची. म्हणून मामा दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगलीला घेऊन गेले. आमच्या भागात हळद म्हणजे सांगलीची. हळदीच्या पेठेत शिरलं की दुकानाच्या पायऱ्या पिवळ्या, हमालांचे हात पिवळे, उन्हाची तिरीप पडली तर तीही पिवळी. फ्रांकाबाई शिंकत होत्या आणि हळकुंडं हातात घेऊन वास घेत होत्या. सोनं विकतात का इथं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडं नवरीला आधी हे लावतात, मग सोनं.

मामांनी एक हळकुंड मोडून आतला रंग उन्हात पाहिला. व्यापाऱ्यानं ओळखीनं विचारलं, "सुभेदार, कुनाचं लगीन?"

"भाचीचं."

"कुटं दिली?"

"इटली."

व्यापारी तराजू धरून थांबला. "लई लांब की वं. तुमी जाणार व्हय?"

मामांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. "दाजी, इचारा बाईला. मी आलो तर कुणाला जड न्हाई ना व्हायचं?"

मी विचारलं. मनात रूप जुळवायलाही थांबलो नाही. फ्रांकाबाईंनी दोन्ही पिवळे हात कमरेवर ठेवून मामांना भरपूर सुनावलं. त्यातला दूरचा भूतकाळसुद्धा मला कळला. त्यांच्या वडिलांनी एकदा लेकीच्या लग्नाला आख्खा गाव बोलावला होता आणि कुणी जड झालं नव्हतं.

"काय म्हणतीया?" मामांनी विचारलं.

"तुम्ही यालच म्हणतात. मामी येतील. अक्का येईल. घर मोठं आहे. आणि पोहोचाल तेव्हा तिकडची वांगी तयार असतील."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. मिशीला हळद लागली.

"आजून येक किलो घाल," ते व्यापाऱ्याला म्हणाले.